पेंढ्याची नाव, विटांची नाव

दरवाजावाल्या लामर्टनं कालव्याच्या भिंतीवर उभं राहून हातातली लांब काठी पाण्यात घातली आणि गोल फिरवली. पाणी खिरीसारखं दाट फिरलं. काठी वर काढून त्यानं टोकाला लागलेला बर्फाचा काला बघितला, विजारीला पुसला आणि काठावर जमलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आज शेवटचं! दिवस मावळला की दोन्ही दारं बंद. मग बर्फ वितळेल तेव्हाच."

आमचा कालवा इथं एक पायरी उतरतो. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यामध्ये दगडी कोठी आहे, कोठीला दोन्ही टोकांना लाकडी दारं. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं. नाव हळूहळू विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते, मग पुढचं दार उघडायचं. कोठीत एका वेळी एकच नाव मावते. जिची पिछाडी दाराच्या आत आली तिची पाळी. मग ती नाव शेणाची असो की चांदीची, तिला बाहेर काढायचं नाही. ह्या एका नियमापायी आमच्याकडं नाकं फुटलीत, सोयरिकी मोडल्यात.

त्या दिवशी सूर्य कुडाच्या उंचीवर आला होता. एक नाव उतरेल एवढाच उजेड शिल्लक होता. आणि वळणावर नावा दिसल्या दोन.

पुढं फेनाची नाव. नाव म्हणजे पेंढ्याची. पुठ्ठ्याच्या गिरणीला पेंढा पोचवून रिकामी परत निघालेली. रिकामी म्हणून पाण्यावर उंच तरंगणारी, वाऱ्यानं सुद्धा कलणारी. तिला घोडा नव्हता. छातीला पट्टा बांधून फेनाच काठावरून दोर ओढत होती, आणि तिचा नवरा रूल्फ नावेवर उभा राहून लांब वाशानं तळाला रेटा देत होता. ओढताना ती नेहमी काहीतरी गुणगुणायची. शब्द तिचेच असायचे, पावलाला पाऊल जुळेल असे:

"दोर माझा गं ताठ ताठ, काठाची गं ओली वाट,
वाटेच्या शेवटी बाई, लेक माझी पाहते वाट."

लेक म्हणजे रेन्स्के, आठ वर्षांची. नावेवरच्या मुलांना शाळा कुठली? म्हणून खालच्या गावात, ओस्टरडीपला, रूल्फच्या बहिणीकडं, बौविनाकडं ठेवलेली. मागच्या हिवाळ्यात फेनाची नाव वरच्या पाण्यात अडकली. कालवा गोठला तो गोठलाच, आणि लेकीचं तोंड तिला दिसलं ते एकदम वसंतात. तेव्हा पोरीनं आईला आधी ओळखलंच नाही, मग ओळखून न ओळखल्यासारखं केलं. ते फेनाच्या मनात रुतून बसलं होतं. उन्हाळ्यात तिनं पोरीला शब्द दिला, "यंदा बर्फाच्या आधी येते. धक्क्याला नाव लावू. तू नावेवरूनच शाळेत जायचं, आणि रात्री माझ्या कुशीत." ही गोष्ट सगळ्या कालव्याला माहीत होती, कारण फेना ती प्रत्येक दरवाजावाल्याला सांगत यायची.

मागची नाव हार्मची. विटांची. शिगोशीग भरलेली, पाण्यात इतकी दबलेली की काठावरून नुसतं विटांचं एक लाल बेट सरकताना दिसायचं. पुढं जाड पायांचा घोडा, घोड्याचा लगाम धरून त्याची बायको आलिडा, आणि सुकाणूवर हार्म, तोंडात विझलेली चिलीम. विटांची नाव हळू येते. गाईच्या चालीनं येते. लहान मूल शेजारून चालत पुढं जाईल. पण ती थांबत नाही. घोडा सोडला, सुकाणू फिरवलं, आरडाओरडा केला, तरी तिला जायचं तिथवर ती जातेच. म्हणून विटावाल्यांची पोरं रांगायला लागली की आया त्यांना पहिली चापट ह्याच गोष्टीसाठी मारतात: दोन नावांच्या मध्ये हात नाही, पाय नाही. मध्ये लाकडाचा ओंडका टाकायचा आणि मागं सरायचं.

पेंढेवाल्यांच्या पोरांना ही चापट कोणी मारत नाही. त्यांची नाव हलकी. धक्क्याला लागायला आली की पाय पुढं करायचा, रेटायचं, नाव लांब जाते. दुसरी पेंढ्याची नाव अंगावर आली तरी पाय लावायचा आणि हसायचं. फेना पेंढ्याच्या नावेतच जन्मली होती, तिची आई तिथंच, आजीही तिथंच. त्यांच्याकडं पाय लावणं म्हणजे शिंक आल्यावर नाकाला हात लावण्यासारखं, त्याला डोकं लागत नाही.

"आली रे काडीवाली!" आमच्यातला कोणीतरी म्हणाला. "नवऱ्याला बसवून बायको ओढतेय."

"घोडी परवडत नाही ना त्याला."

"मिळालीय की फुकटची."

आम्ही हसलो. फेनानं मान वर केली नाही. तिचं लक्ष पाण्याकडं होतं, कारण दरवाज्यापाशी, जिथं पाणी संथ असतं, तिथं काला दाट झाला होता. नाव जड असती तर तिनं तो कापला असता. पेंढ्याची रिकामी नाव त्यावर चढली, कुरकुरली, आणि दारापासून नावभर अंतरावर रुतून बसली. फेनानं पट्ट्यात अंग टाकलं. दोर तारेसारखा ताठ झाला. तिचे लाकडी बूट वाटेवरच्या बर्फावरून मागं घसरले, ती गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा अंग टाकलं. नाव हलली नाही.

रूल्फनं वासा रोवून रेटा दिला. वासा वाकला. नाव हलली नाही.

मागून हार्मचा आवाज आला. त्याला गडबड नव्हती. "ए पेंढ्या! बाजूला हो. तुला यंदा इथंच नाताळ करायचाय."

"पाळी आमची आहे, हार्म!" रूल्फ ओरडला. "आम्ही पुढं आहोत."

"पुढं असून काय करतोस? दारात शिरलास का? नाही ना? मग कसली पाळी!" चिलीम दातात तशीच. "मी तुला हळूच बाजूला करतो. बांगडी फुटायची नाही."

हार्म काय करणार हे काठावरच्या सगळ्यांना कळलं. त्यानं हे पूर्वी केलं होतं, आणि आम्ही बघितलं होतं. तो आपल्या नावेचं लोखंडी तोंड पुढच्या नावेच्या पिछाडीच्या एका कोपऱ्यावर आणतो. मारत नाही, नुसता टेकवतो. कोपऱ्यावर टेकलं की हलकी नाव भोवऱ्यासारखी फिरते, आडवी होऊन पलीकडच्या काठच्या बोरूच्या झाडीत जाऊन बसते, आणि विटांची नाव जणू काही झालंच नाही अशी तिच्या जागेवरून पुढं निघून जाते. तिचा वेग कमी होतो तो कवडीएवढा. बाकी सगळी उडी हलकीला.

"लागली का पैज?" कोणीतरी म्हणालं.

"कसली पैज? कोंबडीनं बैलाशी लावलेली?"

फेनानं मागं वळून बघितलं. ती हार्मच्या नावेकडं बघत राहिली, आपल्या रुतलेल्या नावेकडं बघितलं, मग उघड्या दाराकडं. काळी कोठी समोर होती, नावभर अंतरावर. तिनं छातीवरचा पट्टा काढला आणि वाटेवर टाकला. आम्हाला वाटलं, हरली बाई.

ती धावत मागं आली आणि काठावरून नावेवर उडी मारली.

"रूल्फ, वासा तिकडून लाव! पिछाडी डावीकडं घे!"

"काय?"

"त्याला कोपरा देऊ नकोस. मधोमध घे. सरळ लागू दे आपल्याला!"

रूल्फ तिच्याकडं बघतच राहिला.

"अरे बघतोस काय! आपल्याच्यानं हलत नाही ती. त्याच्याकडं आहे ना एवढं बळ, ते आपल्याला दे म्हणावं. सरळ लागली तर सरळ आत जाऊ!"

आणि मग रूल्फलाही कळलं. त्यानं वासा उलट्या बाजूला रोवला, त्याच्यावर पोट टेकलं आणि सगळं अंग आडवं करून रेटायला लागला. त्याची पाठ फेनाकडं होती. पिछाडी काल्यात करकरत बोटबोट सरकायला लागली.

काठावरचे सगळे वाकून बघायला लागले. मग लामर्टच म्हणाला, "बाई डोक्याची आहे."

हार्मनंही ओळखलं. त्यानं सुकाणू फिरवलं, पण आता अंतर उरलं नव्हतं. विटांची नाव फिरवायची तर ते वळणावरच ठरवावं लागतं. "आलिडा! घोडा थांबव!" तो ओरडला. आलिडानं घोडा थांबवला. दोर सैल पडून पाण्यात बुडाला. नाव येतच राहिली, गाईच्या चालीनं.

पेंढेवाल्यांच्या नावेवर पेंढ्याची घट्ट वळकटी असते, धडकीच्या जागी सोडायची. फेनानं ती पिछाडीवरून खाली सोडली आणि दोन्ही हातांनी दोरी धरून बरोबर मधोमध आणली. हार्मचं लोखंडी तोंड आलं. तोंडाच्या पुढं बर्फाचे तुकडे ढकलले जात होते, एकावर एक चढत होते. त्यातल्या एका मोठ्या तुकड्यानं वळकटी उचलली आणि बाजूला सारली.

फेनानं पाय पुढं केला. वळकटी जागेवर दाबून धरायला.

नाव किती सावकाश आली होती! कोणीही म्हणालं असतं, ही थांबेलच आता. आलिडा तेवढी काठावरून किंचाळली, "पाय! पाय काढ गं!"

आवाज काहीच झाला नाही म्हणा. सुक्या फांदीवर पाय पडावा एवढा.

आणि पेंढ्याची नाव सुटली. काल्यातून फट् करून निघाली आणि सरळ, बाण सुटावा तशी, कोठीच्या तोंडात शिरली. हार्मची नाव आली त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं गेली. काठावरचे सगळे ओरडले, "गेली! गेली!" टोप्या उडाल्या. रूल्फ तोल सावरत नावेच्या पुढच्या टोकाला धावला, दोराचा फास खुंट्यावर टाकला, नाहीतर नाव पुढच्या दारावर आपटली असती. दोर करकरला, नाव थांबली. पिछाडी दाराच्या आत होती. आम्ही चौघं पाचजण हसत हसत दाराच्या लांब दांड्याला खांदे लावून ढकलायला लागलो, आणि हार्मची नाव पोचायच्या आत मागचं दार बंद झालं. हार्मनं आपला दोर खांबाला गुंडाळला. खांबातून धूर निघाला. विटांचं बेट दाराला नाक लावून उभं राहिलं.

"पाळी पेंढ्याची!" लामर्टनं जाहीर केलं.

मग आम्ही खाली बघितलं. फेना पिछाडीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. गुडघ्याच्या खाली लोकरी मोजा होता, आणि मोज्यात जे होतं त्याला आता कुठलाच आकार नव्हता. लाकडी बुटाची ढलपी पाण्यावर तरंगत होती. ती ओरडत नव्हती. ओठ पांढरे, आणि तोंडातून वाफ.

"आत आलो का?" तिनं विचारलं.

रूल्फ गुडघ्यावर बसला. त्यानं मोज्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

"रूल्फ. आत आलो का?"

"आलो," तो म्हणाला.

डॉक्टर वरच्या गावात होता, गिरणीच्या पलीकडं. घोड्यावरून गेलं तर सूप गार व्हायच्या आत पोचता येतं. खाली ओस्टरडीपपर्यंत मध्ये डॉक्टर नाही, दाई नाही, नुसता दलदलीचा माळ आणि पाणी. नाव ओढत गेलं तर सकाळ. हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

आलिडा घोडा सोडून पळत भिंतीपाशी आली. "हिला वर काढा! घोडा आहे माझा. मी नेते तिला, आत्ता नेते!"

"थांब," हार्म म्हणाला.

तो नावेवरून उतरून भिंतीवर आला होता. त्यानं खाली बघितलं, फेनाच्या पायाकडं बघितलं, आणि चिलीम हातात घेतली. त्याचा चेहरा उतरला होता हे खरं. पण चिलीम झटकेपर्यंत चेहरा परत जागेवर आला.

"घोडा माझा आहे," तो म्हणाला. "न्या की. मी नाही म्हणत नाही. पण बाई वर आली म्हणजे नाव काय एकट्यानं ओढणार का हा? नाव इथंच राहणार. मग कोठी अडवून कशाला ठेवायची? दार उघडा, नाव मागं घ्या, मी जातो पुढं. घोडा तुमचा."



"हार्म," आलिडा म्हणाली, "लाज वाटू दे."

"कशाची? मी पाय घाल म्हणालो होतो का? विटावाल्याच्या नावेपुढं पाय घालतं का कोणी? शेंबडं पोर घालत नाही." तो आमच्याकडं वळला. "सांगा की, घालतं का?"

आणि आमच्यातल्या दोघातिघांनी माना हलवल्या. घालत नाही. खरंच होतं ते.

लामर्ट दांड्यापाशी उभा होता. "कोठीतली नाव बाहेर काढायची नसते," तो हळू म्हणाला. "नावेच्या धन्यानं स्वतः सांगितलं तरच. रूल्फ, तू सांग. बायकोला वर काढू? दार उघडू?"

रूल्फनं तोंड वर केलं. "उघड—"

"नाही," फेना म्हणाली.

"फेना, अगं पाय—"

"नाव माझ्या बापाची आहे. धनी मी आहे. लामर्ट, पाणी सोड."

"फेना, पोर कुठं पळून जात नाही. वसंतात भेटेल."

"मागच्या वसंतात बघितलं की मी, कशी भेटते ती." दातावर दात आपटत होते, पण आवाज साफ होता. "मी शब्द दिलाय. पाणी सोड म्हणते ना!"

"मुलखाची हेकट," आमच्यातली एक बाई पुटपुटली. "पोरीला काय करायचाय मेलेला पाय?"

 लामर्टनं दारातली लोखंडी झडप फिरवली. पाणी निघून जायला लागलं. पेंढ्याची नाव हिरव्या, शेवाळलेल्या भिंतींमधून खाली खाली उतरत गेली, आणि फेनाचं तोंड लहान होत गेलं. आलिडानं अंगावरची शाल काढून खाली टाकली. ती रूल्फला पोचली. हार्म भिंतीवरून वाकला.

"जा, जा!" तो म्हणाला. "धक्का मी दिला म्हणून सांग हं पोरीला. माझ्यामुळं पोचलीस!"

पुढचं दार उघडलं. खालचं पाणी अजून मोकळं होतं. रूल्फनं वाटेवर उडी मारली आणि दोराला लोंबत आलेला बायकोचा पट्टा स्वतःच्या छातीला बांधला. तो त्याला आखूड पडत होता.

त्यांची नाव दिसेनाशी झाली तेव्हा लामर्टनं दोन्ही दारांना साखळदंड घातले.

हार्म हिवाळाभर वरच्या पाण्यात अडकला. त्याच्या विटांवर बर्फ साठला, आलिडा माहेरी निघून गेली, आणि तो रोज गुत्त्यात येऊन बसायला लागला. येनेव्हर दारूचा दुसरा पेला झाला की तो ही गोष्ट सांगायचा. "पाय घातला हो! विटांच्या नावेला पाय!" तो टेबलाखाली स्वतःचा पाय पुढं करून दाखवायचा, कसा अलगद, नाच सुरू करताना पुढं करावा तसा. आम्ही हसायचो. पहिल्यांदा जरा कमी, नंतर नंतर जास्त. तो सांगायचाच तसं.

फेनाला ओस्टरडीपच्या इस्पितळात पोचवलं तेव्हा उजाडलं होतं आणि पाय काळा पडला होता. शल्यविशारदानं चादर वर केली, वास घेतला, आणि रूल्फला बाहेर बोलावून म्हणाला, "काल संध्याकाळी डॉक्टरनं बघितला असता तर नुसतं पाऊल गेलं असतं. आता गुडघ्याच्या वरून काढावा लागेल." रूल्फनं हे फेनाला सांगितलं नाही. पण दार उघडं होतं.

नाताळ तिनं इस्पितळात काढला. त्या दिवसांत रेन्स्केला तिथं आणलं नाही. बौविना म्हणाली, पोर घाबरेल. नवं वर्ष लागल्यावर रूल्फनं बायकोला हातगाडीवर बसवून धक्क्यावर आणलं आणि उचलून नावेत नेलं. कालवा तोवर दगडासारखा झाला होता. मुलं नावांच्या मधून घसरगुंडी खेळत होती. फेनानं दुसऱ्याच दिवशी कामाला सुरुवात केली. बसल्या बसल्या नावेच्या खोलीतला अंथरुणाखालचा पेंढा बदलून घेतला, आपल्या शेजारी एक छोटं अंथरूण करायला लावलं, त्याच्यावर धुतलेली चादर. वाटाण्याचं दाट सूप चढवलं, डुकराच्या पायाचा तुकडा टाकून, पोरीला आवडतं तसं. केस विंचरले. घागऱ्याची एक बाजू दुमडून टाचणीनं नीट लावली, लोंबू नये म्हणून. आणि रूल्फला म्हणाली, "जा. घेऊन ये."

पुढचं मला बौविनानंच सांगितलं, तिच्या दुकानात, साबणाच्या वड्या कापता कापता. तिचं साबणाचं दुकान आहे, नवरा गावचा, पडद्यांना लेस, चुलीला निळ्या नक्षीच्या फरशा.

फेना बाहेर, धक्क्यावरून नावेत यायच्या फळीच्या टोकाशी बसली होती, म्हणजे पोरीला आधी तीच दिसावी. रेन्स्के बापाचा हात धरून आली. चकाकणारे कातडी बूट, वेणीला फीत. बौविना मागून, हातात मनुकांच्या पावाची टोपली.

"आलीस गं राणी," फेना म्हणाली. "ये."

पोर फळीच्या अलीकडं थांबली.

"ये ना गं. निसरडं नाही. बाबांनी राख टाकलीय."

"आत्या म्हणाली नुसतं भेटून यायचं."

"मी असं नाही हं म्हणाले," बौविना घाईनं म्हणाली. "मी म्हणाले, तुला वाटेल तसं."

"सूप केलंय तुझं," फेना म्हणाली. "अंथरूणही केलंय. माझ्या शेजारी. उन्हाळ्यात म्हणाले होते ना तुला?"

रेन्स्के घागऱ्याच्या दुमडलेल्या बाजूकडं बघत होती. नजर काढून घ्यायची आणि परत तिथंच जायची. "शेजारी नको," ती म्हणाली.

"का गं?"

"तिथं ते असेल ना. कापलेलं."

रूल्फनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखत नाही आता आईला. बांधलेलं असतं."

"आणि पेंढ्यात उंदीर असतात. आणि वास येतो. वर्गात क्लाझिना म्हणते मला, तू सुट्टीनंतर कालव्यासारखी वास मारतेस." मग पोर जरा समजुतीनं बोलायला लागली, मोठी माणसं बोलतात तशी. "मी आत्याकडंच राहते. तू बरी झालीस की येते."

"बरी झाले की म्हणजे?" फेना म्हणाली. "हा परत उगवणार आहे का?"

"जाऊ दे, फेना," रूल्फ म्हणाला. "लहान आहे."

"थांब. मला विचारू दे." ती पुढं वाकली. आवाज अगदी मऊ होता, बौविना म्हणाली, अंगाई म्हणताना असतो तसा. "रेन्स्के, तू वाट बघत होतीस ना माझी? बर्फ पडायला लागला तेव्हा? खिडकीशी बसून?"

पोर खाली बघत राहिली. बापानं तिला खोटं बोलायचं शिकवलं नव्हतं, बौविनानंही नाही.

"मी विसरले होते," ती म्हणाली.

धक्क्यावर मुलांचा आरडाओरडा चालला होता. कोणीतरी घसरून पडलं आणि बाकीची हसली.

"बरं," फेना म्हणाली. "आता ऐक. डॉक्टर जवळच होता. घोडा तयार होता, जीन घातल्यासारखा. मला सगळे म्हणाले, वर ये, पाय वाचेल. बाबाही म्हणाले. मी नाही म्हणाले. का नाही म्हणाले माहितेय? पोर खिडकीशी बसलीय, म्हणून. तुझ्यापायी गेला हा. कळलं? तुझ्यापायी. हे मात्र विसरायचं नाही."

"वहिनी!" बौविना म्हणाली.

रेन्स्केचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, बौविना म्हणाली, मी तिला उचलून घरी नेलं असतं. ती तशीच उभी राहिली, आणि मग तिनं बापाचा हात सोडला, आत्याच्या हातातली टोपली घेतली, आणि फळीवरून चालत नावेवर गेली. आईच्या बाजूनं गेली तेव्हा तिनं फ्रॉकचा घोळ हातानं गोळा केला, लागू नये म्हणून.

ती हिवाळाभर तिथं राहिली. शाळेतून आली की बूट काढायची, बादली रिकामी करायची, चुलीत दलदलीतल्या जळाऊ मातीची, पीटची ढेप घालायची, सूप ढवळायची. न सांगता. आईला काही मागावं लागलं नाही. शेजारच्या नावेवरच्या बायका फेनाला म्हणायच्या, कसली गुणी पोर आहे तुझी.

एका संध्याकाळी थंडी फार वाढली, आणि फेना बसल्या जागी थरथरायला लागली. रेन्स्केनं पांघरूण आणलं. आईच्या एका पायावर घातलं, कडा खाली दुमडल्या, चारी बाजूंनी, पाकीट बंद करावं तसं. मग दुसरी बाजू, जिथं पाय नव्हता तिथं पांघरूण सपाट पडलं होतं, तीही दुमडली.

"ये," फेना म्हणाली. "आत ये. तुलाही गार लागत असेल."

"नाही लागत," पोर म्हणाली. "आणखी काय करू?"